कमान उभारू नये

आमच्या दवाखान्याच्या पडवीत एक छापील पुठ्ठा टांगलेला होता. वर ठळक अक्षरांत ‘विमान यायचे असल्यास गावकऱ्यांस सूचना’ आणि खाली ओळीनं कलमं. गुरे बांधून ठेवावीत. वाळूवर जाळी पसरू नयेत. पंखा पुरता थांबल्याशिवाय कोणीही ओवाळण्यास पुढे जाऊ नये. एकेक कलम म्हणजे कुठल्या तरी गावानं घातलेला एकेक घोळ होता, आणि तो घालताना त्या गावाला आपण मोठा शहाणपणा करतोय असंच वाटलं होतं. पण ह्या सगळ्यांच्या वर, पहिलंच कलम होतं, ‘कमान उभारू नये.’ बाहेरगावचे लोक ते वाचून हसत आणि विमानाचा नि कमानीचा काय संबंध म्हणून मला विचारत. मी त्या दवाखान्यात नर्स होते. हातात सदा काही ना काही काम असे, म्हणून ‘आहे संबंध’ एवढंच म्हणून मी पुढं जात असे. आता हात रिकामे आहेत, तर सांगते.

तिसाव्या सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा रत्नागिरीहून मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीनं. आगबोटी चालू असल्या की मुंबई जवळ, आणि वैशाख सरता सरता त्या बंद झाल्या की मुंबई एकदम लांब. मग मोटारीनं आंबा घाट चढायचा, कोल्हापूर गाठायचं, तिथून रेल्वे. धडधाकट माणूसही त्या प्रवासानं आडवा होई, तर आजाऱ्याचं काय घेऊन बसलात! खेड्यापाड्यांतले रोगी आमच्याकडे डोलीतून येत, होडीतून येत, कधी खाटेला बांबू बांधून चौघांच्या खांद्यावरून येत. आमच्या डॉक्टरांच्या हातून जे होण्याजोगं होतं ते ते करत. जे मुंबईतच व्हायला हवं, त्याच्यासाठी त्या चार महिन्यांत त्यांच्याकडे काहीच इलाज नसे. असा रोगी आला की ते खिडकीशी पाठ फिरवून उभे राहत. माणूस पुण्याकडचा, जिभेचा फटकळ, एरवी मी त्यांना उलट उत्तर द्यायला कमी करत नसे. पण ते खिडकीशी उभे असले की मी गप्प बसत असे.

माझे वडील खाडीपलीकडच्या भाट्याचे. तांडेल होते, म्हणजे शिडाच्या गलबतावरचे मुख्य. चाळीस वर्षं त्यांनी कौलं आणि नारळ भरून मुंबईच्या खेपा केल्या. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच माझे यजमान गेले आणि मी परत बाबांच्या घरी आले. मी कोपऱ्यात बसून राहावं असं गावाला वाटत होतं. बाबांनी मला नर्सिंग शिकायला पाठवलं. तांडेलाची मुलगी परक्या पुरुषांच्या जखमा धुणार, म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली. बाबा देवळासमोर उभे राहून म्हणाले होते, “दर्यात पडलेल्याला वर खेचताना तो कोनाचा कोन ते इचारता काय रे तुम्ही?” माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं राहिलं, असं मी आजही मानते.

तर असा हा माणूस, साठ वर्षं मासे खाल्लेला, एका दुपारी शिंगाळ्याच्या डोक्याचं हाड घशात अडकवून बसला. जेवताना कुणाशी तरी वाद घालत होते म्हणे. पहिल्यांदा भाताचा मोठा घास गिळून झाला, मग पिकलं केळं झालं. मग शेजारणीनं मांजराचा पाय गळ्यावरून फिरवला. मांजर ओरबाडून पळालं, हाड जिथल्या तिथं राहिलं. संध्याकाळी त्यांना तरीतून खाडी ओलांडून माझ्याकडे आणलं तेव्हा त्यांना आवंढा गिळता येत नव्हता. लाळसुद्धा गिळवत नव्हती, ती ते पंच्यात टिपत होते. आणि मला बघून ओशाळवाणं हसत होते.

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं, बोट घालून पाहिलं. हाड खोल गेलं होतं. “आत दिवा असलेली लांब नळी लागते,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “ती मुंबईत आहे. इथून मी चिमटा घालत बसलो तर अन्ननलिका फाडून ठेवीन.” मी विचारलं, घाटातून मोटारीनं नेलं तर? ते म्हणाले, “त्या धक्क्यांनी हाड आरपार गेलं तर कोल्हापूर काही दिसायचं नाही.” आगबोटी बंद होऊन चार दिवस झाले होते. हे बोलून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या कुणाच्या बापासाठी ते उभे राहत तेव्हा मला वाईट वाटे. त्या दिवशी मी बाबांच्या खाटेशी परत गेले आणि त्यांच्या हातातला ओला पंचा बदलला.

दुसऱ्या दिवशी बाबांना ताप भरला. पाण्याचा थेंब आत जात नव्हता. मी कातडीखाली सुईनं मिठाचं पाणी देत होते, पण त्यानं माणूस किती दिवस निघणार? ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवला की ते डोळे मिटून घेत. वैशाखातला उकाडा, अंगणात विहिरीचा रहाट वाजतोय, आणि जन्मभर पाण्यावर वावरलेला माणूस घोटभर पाण्यासाठी तळमळतोय! मला त्या हाडाचा, त्या माशाचा, जेवताना वाद घालणाऱ्या बाबांचा, सगळ्यांचा राग येत होता.

विमानाची कल्पना डॉक्टरांची. दक्षिणेकडे डाक नेणारं विमान कधीमधी आमच्या डोक्यावरून जात असे आणि सगळा गाव माना वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत असे. ते खाली उतरवता येईल असं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांचे एक वर्गमित्र मुंबईच्या मोठ्या इस्पितळात होते आणि त्यांच्या ओळखीच्या एका पारशी गृहस्थाकडे हौसेखातर घेतलेलं लहानसं विमान होतं. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी सकाळी तार केली. दुपारी उलट तार आली, उतरायला जागा आहे काय? डॉक्टरांनी भाट्याच्या पुळणीचं, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचं, वर्णन कळवलं. संध्याकाळी तिसरी तार आली. उद्या सकाळी ओहोटीला येतो. वाळू पाण्याकडची, ओली नि घट्ट हवी. आठशे पावलं मोकळी ठेवा. दोन्ही टोकांना पांढऱ्या चादरी पसरा. बाजूला ओल्या पाल्याचा धूर करा, म्हणजे वारा कळेल. एक रोगी आणि सोबत एक माणूस, यापेक्षा जास्त नाही.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मोठ्या कष्टानं, शब्द चावत चावत म्हणाले, “बाय, मी पान्यातला मानूस. मला वरना नेव नको.” त्यानंतर त्यांचा आवाजच बसला. मी म्हटलं, तुमचं कोण ऐकतंय आता? पण ते वाक्य मी लक्षात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच घात होणार होता.

तार भाट्याच्या देवळात वाचून दाखवली गेली आणि गाव कामाला लागला. रत्नागिरीच्या बाजूचे लोक आम्हा भाट्येकरांना हेकट म्हणतात, म्हणोत. पण एका तांडेलासाठी त्या संध्याकाळी घरटी माणूस पुळणीवर होता. होड्या वर ओढल्या. जाळी उचलली, सुकत घातलेली मासळी उचलली. पावलं मोजायला तिघं गेले, आणि तिघांची पावलं लहानमोठी म्हणून तीनदा मोजली. चादरी कुणाच्या घालायच्या यावरून बायकांत भांडण झालं, कारण प्रत्येकीला आपलीच पांढरी वाटत होती.

सकाळी मी बाबांना डोलीतून भाट्याला घेऊन आले. डॉक्टरांना एका अडलेल्या बाईला सोडून येता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली आणि सोबत मी जायचं ठरलं. संकष्टी होती, मला उपास होता. बाबांना तर तीन दिवसांचा सक्तीचा. पुळणीवर येऊन बघते तो सगळं तारेत लिहिल्याबरहुकूम केलेलं. आणि वाळूच्या उत्तरेच्या टोकाला, तिथल्या दोन चादरींच्या मधोमध, ही भलीमोठी कमान! पोफळीचे चार उंच खांब रोवलेले, त्यांना केळी बांधलेल्या, वर झावळ्यांची वेणी घातलेली, आंब्याच्या पानांचं तोरण, मधोमध नारळ. खाली रांगोळी. तबकं घेऊन सवाष्णी उभ्या.

हे काम गावकरांचं. गावकर म्हणजे आमच्याकडे गावातला मानाचा पहिला माणूस. ते पुढं होऊन मला अभिमानानं म्हणाले, “सायेब मोटारीतना येतो तेवा आपन कमान बांधतो. ह्यो तर आभाळातना येतोय. बिनकमानीचा कसा घेवचा त्याला गावात?” मुंबई उत्तरेला, म्हणून पाहुणा उत्तरेकडून शिरणार. म्हणून कमान उत्तरेला. विमान पंखांसकट किती रुंद असतं ते त्यांनी कुणाकुणाला विचारून घेतलं होतं आणि तीन बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढी कमान रुंद ठेवली होती. साहेबाची मोटार जशी कमानीखालून येते तसं विमान खालून येईल, असा त्यांचा हिशेब. आणि खरं सांगायचं तर, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मला ती कमान आवडली. माझ्या बाबांसाठी एवढं सजवलं होतं! मी विधवा, तबकांच्या घोळक्यात मला जागा नव्हती. मी बाबांची डोली उंडीच्या झाडाच्या सावलीत ठेवून बाजूला उभी राहिले.

आठ वाजून गेले तेव्हा आवाज आला. विमान खाली खाली आलं, पुळणीवरून सरळ पुढं गेलं आणि वर उठलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. ते वळून परत आलं, अगदी माडांच्या शेंड्यांना लागेल इतकं खाली, आणि पुन्हा वर उठलं. आतून एक हात बाहेर आलेला दिसला. लोकांनीही हात हलवले. कुणीतरी म्हणालं, देवळाला प्रदक्षिणा घालतोय. ते सगळ्यांना पटलं. एका म्हातारीनं तर प्रदक्षिणा मोजायला घेतल्या. तिसऱ्यांदा तेच. एव्हाना ओहोटी सरली होती आणि पाणी परत येऊ लागलं होतं. लाटेची कड धुराच्या जागेपर्यंत आली.

तेवढ्यात बाबा डोलीत उठून बसले. त्यांनी विमानाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि माझा हात हिसडून उभे राहिले. ते उत्तरेकडे चालायला लागले. त्यांच्यात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. मला वाटलं, हे पळताहेत. वरून जायचं नाही म्हणाले होते, आता हट्टाला पेटलेत. मी धावत जाऊन त्यांना कवळ घातली, रडत ओरडले, “बाबा, मराल हो! नका असं करू!” त्यांनी मला ढकललं. जन्मात त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मी वाळूत बसलेच.

बाबांनी वाटेतल्या एका गड्याच्या कमरेच्या आकडीतली कोयती ओढून घेतली आणि कमानीच्या खांबावर घाव घातला. तोरण हललं. बायका किंचाळल्या. गावकर आडवे आले, “तांडेल! येड लागला काय? तुझ्यासाठी बांधलीय ही!” दोघांनी बाबांना धरलं. बाबांना बोलता येत नव्हतं. घशातून नुसती घरघर आली. त्यांनी कोयती टाकली, विमानाकडे बोट केलं, कमानीकडे बोट केलं, आणि मग दोन्ही हात कोपरापासून एकमेकांवर आडवे धरले.

ही खूण आमच्याकडे दर्यावर जाणाऱ्या कुठल्याही माणसाला कळते. बंदरात शिरणाऱ्या गलबताला काठावरून अशी खूण करतात. पुढं जाळी आडवी आहे, वाट बंद आहे, येऊ नको. मग मागून एक म्हातारा खलाशी ओरडला, “आरं, वाट आडलीय त्याची! काढा ती कमान!” आणि जो तो कमानीवर तुटून पडला. ज्यांनी बांधली त्यांनीच ओढली. कोणी सुंभ कापतोय, कोणी खांब उपटतोय, बायकांनी झावळ्या ओढून नेल्या, रांगोळी पायांखाली गेली. गावकर एकटेच नारळ हातात घेऊन उभे राहिले. त्या धांदलीत धूरही लाटेनं विझला होता. बाबांनी डोक्याचं पांढरं मुंडासं सोडलं आणि त्याचं एक टोक हातात धरून ते वर केलं. वाऱ्यावर ते उत्तरेकडे फडफडलं आणि वारा दक्षिणेचा आहे, वाऱ्याला तोंड देऊन उत्तरेकडूनच उतरायचं आहे, हे वरच्याला दिसलं.

चौथ्या फेरीला विमान उतरलं. त्याची चाकं लाटेच्या कडेनं पाणी उडवत गेली. मी अजून वाळूतच होते. बाबा माझ्याकडे आले, मला उठवलं आणि पदरावरची वाळू झटकली. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. आणि इतका आनंदही.

पारशी तरुण खाली उतरला तो थेट गावकरांकडे गेला. त्याचं मराठी मोडकंतोडकं होतं. “दरवाजा कोणी लावला? मी मेला असता!” गावकरांनी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. मग मान ताठ करून म्हणाले, “तारेत कमान नको असा लिवलेला होता काय?” कुठंही लिहिलेलं नव्हतं, हे खरंच होतं. गावकरांनी हातातला नारळ त्याला दिला आणि तो त्यानं घेतला.

आत दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच जागा होती. वर उठताना मी डोळे मिटून बाबांचा हात घट्ट धरला होता. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात सोडवून घेतला. डोळे उघडून बघते तो ते काचेला नाक लावून खाली बघताहेत. जयगडची खाडी आली, त्यांनी एक बोट मिटलं. गुहागरची लांबच लांब पुळण आली, दुसरं मिटलं. दाभोळ, हर्णै. ज्या वाटेला त्यांना वाऱ्याच्या मर्जीनं कधी तीन दिवस लागत, कधी आठ, ती वाट त्यांच्या मिटलेल्या बोटांत मावत चालली होती. ताप होता, ओठ फुटले होते, आणि तरी त्यांचा चेहरा असा की जणू जत्रेला चालले आहेत. पान्यातला मानूस म्हणे! मला हसू आलं आणि मी हसता हसता रडले. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार होतं?

मुंबईत त्याच दुपारी नळी घालून हाड काढलं. नखाएवढं होतं, एका बाजूनं धारदार. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगितलं, चमचाभर पाणी देऊन बघा. मी चमचा भरला. आजवर शेकडो रोग्यांना पाणी पाजलं असेल, पण तेव्हा निम्मं उशीवर सांडलं. उरलेलं बाबांच्या तोंडात गेलं. त्यांचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. मी श्वास धरून बघत राहिले. खोकला नाही, ठसका नाही. पाणी गेलं होतं! त्यांनी बोटानं आणखी मागितलं. सहा चमचे झाले. मग ते बारीक आवाजात पहिलं वाक्य बोलले, “कमान बरी होती गो. जन्मात पयल्यांदा कोनी माझ्यासाठी कमान बांधली, नि ती मीच मोडली.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तो पारशी तरुण दोन दिवसांनी त्यांना भेटायला आला. ह्या माणसानं आपला जीव वाचवला हे तो जाणून होता. त्यानं विचारलं, असे आणखी किनारे आहेत का? बाबांना तेच हवं होतं. कुठली पुळण घट्ट, कुठली भुसभुशीत, कुठं मधेच ओहोळ फुटतो, हे त्यांना पाठ होतं. “तुमच्या मुंबईच्या भरतीच्या कोष्टकावर जाव नको,” ते म्हणाले, “आमच्याकडं पानी तासभर आधी फिरतंय. म्हनून तुला उशीर झाला.” तिथीची पाऊणपट केली की मुंबईची भरती किती वाजता ते कळतं, त्यातून आमच्याकडचा तास कसा वजा करायचा, तेही शिकवलं. तो लिहून घेत होता आणि बाबा औषधाच्या बाटल्या मांडून खाड्या दाखवत होते. पुढं जे काही उभं राहिलं त्याची सुरुवात माझ्या दृष्टीनं त्या खाटेवर झाली.

उभं राहिलं हळूहळूच. पहिल्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकेच रोगी गेले. मग त्या तरुणाचे आणखी दोघे मित्र आले. आमच्या डॉक्टरांनी गावोगाव चिठ्ठ्या पाठवल्या, तारमास्तरांनी विमानाच्या तारा आधी पाठवायच्या असा आपल्यापुरता नियम केला, डोलीवाल्यांनी आपसांत टप्पे वाटून घेतले. लोक धडे घेत होते आणि पुठ्ठ्यावर कलमं वाढत होती. वाळूला भरतीची अडचण, म्हणून पुढं मिरजोळ्याच्या वरचा कातळ निवडला. आसपासच्या वाड्यांनी दर वर्षी गवत कापून द्यायचं कबूल केलं, जांभ्याचे चिरे चुना लावून कडेनं मांडले. वारा दाखवायची लांब पिशवी बाबांनी आपल्या जुन्या शिडाच्या कापडाची शिवली. ती कातळावर डोलताना बघून ते म्हणत, गलबत गेलं तरी शीड कामाला आहे. डॉक्टर खिडकीशी उभे राहायचे थांबले असं नाही म्हणणार मी. पण पाठ फिरवून नव्हे. आभाळाकडे बघत.

तो पुठ्ठा पहिल्यांदा छापून आला तेव्हा मी पहिल्या कलमाखाली शाईनं माझ्या अक्षरात एक ओळ घातली होती, ‘रोगी बरा होऊन परत आल्यावर उभारावी.’ डॉक्टर चिडले. छापील कागदावर लिहितात काय, म्हणाले. पण त्यांनी ती खोडली नाही, आणि दुसऱ्या खेपेला ती छापूनच आली. ती मी का घातली, तेवढं सांगायचं राहिलं आहे.

आम्ही मुंबईहून परत आलो ते रेल्वेनं आणि मग घाट उतरून मोटारीनं. बाबा सबंध वाटभर मोटारीला शिव्या देत होते, मोठ्या आवाजात, आणि मला तो आवाज गोड लागत होता. खाडीवर आलो, तरीत बसलो. पलीकडच्या काठावर ढोल वाजत होता. जवळ आलो तसं दिसलं, धक्क्याच्या वर कमान उभी होती. तेच पोफळीचे खांब. एकावर बाबांच्या कोयतीची खाच तशीच होती, सुंभ मात्र नवं. बाजूला गावकर उभे.

सवाष्णी तबकं घेऊन पुढं झाल्या आणि मी सवयीनं मागं सरले, सामानाजवळ. बाबा कमानीसमोर येऊन थांबले. गावकरांचा हात नकळत खांबाकडे गेला, हा माणूस पुन्हा कोयती मागतो की काय! बाबांनी मागं वळून बघितलं. “बाय,” ते म्हणाले, “फुडं हो.”

मी मान हलवली. ते माझ्यापर्यंत आले, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मनगटाला धरून मला पुढं नेलं. “हिनं मला जित्ता आनला,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. घसा आता साफ होता. “पयली ही जानार.”

मग गावकरांची बायको तबक घेऊन पुढं आली. तिचा हात जरासा अडखळला आणि मग तिनं मला ओवाळलं. यजमान गेल्यापासून कोणी मला ओवाळलं नव्हतं. ज्योत माझ्या चेहऱ्यापुढून फिरली तेव्हा तिची ऊब लागली. मी त्या कमानीखालून गेले. मागून बाबा आले. मान वर करून, एकेक झावळी न्याहाळत, ते इतके सावकाश आले की त्यांच्या मागच्या ढोलवाल्याला ढोल थांबवून उभं राहावं लागलं.